आयटिल ४ फाउंडेशन: करावं का, आणि केल्यावर त्यातलं नेमकं काय वापरावं

बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं. आयटिल म्हणजे कंपन्यांनी आयटी सेवा कशी चालवावी याच्या पद्धतींचा संच, आणि फाउंडेशन ही त्यातली पहिली परीक्षा. आमच्या शिफ्टला नवीन मुलं-मुली जॉईन होतात आणि महिन्याभरात हमखास विचारतात, ताई आयटिल करू का, पैसे वसूल होतात का, आणि दरवेळी मी टपरीवर चहा थंड होईपर्यंत तेच सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू. मी मूळची कोल्हापूरची, नऊ वर्षं झाली हिंजवडीत आयटी सपोर्टला आहे, आधी सर्व्हिस डेस्कवर फोन घेतले, मग इन्सिडंट मॅनेजमेंट केलं, आता प्रॉब्लेम मॅनेजमेंट बघते. क्लायंट इंग्लंडमधला, गोदामं आणि माल पोचवायचा धंदा. आयटिल ४ फाउंडेशन मी २०२१ मध्ये स्वतःच्या खिशातून केलं, कंपनीने पैसे दिले नव्हते, त्यामुळे वसूल झाले की नाही हे मला पक्कं माहितीये.

उत्तर आधीच सांगते, करा. परीक्षा अवघड नाही, पुस्तक वाचायला कंटाळवाणं आहे, आणि त्यातला कन्टिन्युअल इम्प्रूव्हमेंटचा भाग, म्हणजे आपलं काम थोडं थोडं करत सतत सुधारत राहायची पद्धत, तेवढी एक जरी खरंच वापरली तरी पैसे फिटतात. पण नेमका तोच भाग क्लासमध्ये पळवतात आणि कंपनीत त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला या सगळ्या रिव्ह्यूमध्ये मुख्य तेच बोलायचंय.

आधी परीक्षेचं उरकून टाकते. ४० प्रश्न, ६० मिनिटं, पर्यायातून उत्तर निवडायचं, पास व्हायला २६ बरोबर यावे लागतात म्हणजे ६५ टक्के. चुकलं तर मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न मोकळा सोडू नका. परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा किंवा रोजच्या कामाची भाषा नसेल तर १५ मिनिटं जास्त मिळू शकतात, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, बुकिंग करतानाच विचारून घ्या. घरून द्यायची असेल तर कॅमेऱ्यातून खोली दाखवावी लागते, टेबल रिकामं लागतं, मध्ये कोणी खोलीत आलं तर पंचाईत होते, त्यामुळे घरच्यांना आधी सांगून ठेवा. एकूण ३४ प्रॅक्टिसेस म्हणजे कामाच्या पद्धती आहेत, पण फाउंडेशनला त्यातल्या १५ प्रॅक्टिसेसचा उद्देश विचारतात आणि त्या पंधरातल्या ७ तेवढ्या नीट कराव्या लागतात. त्या सातात इन्सिडंट, प्रॉब्लेम, चेंज, सर्व्हिस रिक्वेस्ट, सर्व्हिस डेस्क, सर्व्हिस लेव्हल आणि कन्टिन्युअल इम्प्रूव्हमेंट येतात. रोज तिकिटात, म्हणजे युजरच्या तक्रारींच्या नोंदींत, राहणाऱ्या माणसाला यातलं निम्मं आधीच येत असतं, फक्त आपण ज्याला इश्यू इश्यू म्हणतो त्यातला इन्सिडंट कुठला आणि प्रॉब्लेम कुठला हे वेगळं करायची सवय लावावी लागते. सर्व्हिस बंद पडली किंवा तिची क्वालिटी घसरली तो इन्सिडंट. तसं होण्यामागचं कारण, किंवा अजून काही झालं नाही पण होऊ शकेल असं कारण, तो प्रॉब्लेम. परीक्षेत याच्यावर फिरवून फिरवून विचारतात.

क्लासबद्दल. मी ज्या इन्स्टिट्यूटमध्ये गेले तिचं नाव घेत नाही. दोन शनिवार-रविवार होते, सर चांगले बोलायचे पण स्लाइड वाचून दाखवायचे, आणि दुसऱ्या रविवारी दुपारनंतर फक्त प्रश्नांचे संच सोडवून घेतले, हा शब्द दिसला की हा पर्याय, अशा पद्धतीने. सगळे पास झालो. पण माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने शेवटी विचारलं की सर हे इम्प्रूव्हमेंट रजिस्टर म्हणजे नक्की काय लिहायचं त्यात, तर सर म्हणाले परीक्षेला एवढं खोलात विचारत नाहीत. मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं, कारण तिने विचारलेला प्रश्न अख्ख्या कोर्समधला सगळ्यात कामाचा प्रश्न होता. फाउंडेशनला क्लास लावायची सक्ती नाही, स्वतः वाचून परीक्षा देता येते, आणि ज्यांना दोन वर्षं तरी सपोर्टचा अनुभव आहे त्यांनी माझ्या मते तसंच करावं. पुढच्या लेव्हलच्या बहुतेक मोड्यूलना मात्र मान्यताप्राप्त ट्रेनिंग घ्यावंच लागतं.

हे आयटिल, म्हणजे इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी, आलं कुठून ते थोडं सांगते, कारण इंटरव्ह्यूला उपयोगी पडतं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए नावाच्या एजन्सीने हे सुरू केलं. सरकारी खात्यांचा कॉम्प्युटरवरचा खर्च वाढत होता, प्रत्येक खातं आपापल्या पद्धतीने काम करत होतं, म्हणून चांगल्या पद्धती गोळा करून पुस्तकं काढली, सुरुवातीला तीसच्या वर पुस्तकं झाली, नावातला लायब्ररी हा शब्द त्याचाच. नंतर दुसरी आवृत्ती आली, मग २००७ मध्ये तिसरी, तिची पाच पुस्तकं होती आणि पाचवं पुस्तक पूर्ण कन्टिन्युअल सर्व्हिस इम्प्रूव्हमेंटवर होतं. २०११ मध्ये ती सुधारली. २०१३ ला अॅक्सेलॉस नावाची कंपनी हे बघायला लागली, फेब्रुवारी २०१९ मध्ये आयटिल ४ चं फाउंडेशन आलं आणि २०२१ मध्ये पीपलसर्ट या परीक्षा घेणाऱ्या कंपनीने अॅक्सेलॉसच विकत घेतली. जुने मॅनेजर अजून तिसऱ्या आवृत्तीतल्या २६ प्रोसेसची भाषा बोलतात, त्यामुळे इंटरव्ह्यूला कोणी लाइफसायकलचे, म्हणजे सेवेच्या आयुष्याचे, पाच टप्पे विचारले तर गोंधळू नका, ते तिसऱ्या आवृत्तीतलं आहे, तुम्ही शिकलेली व्हॅल्यू चेन, म्हणजे सेवा तयार करून देण्यापर्यंतच्या कामांची साखळी, चौथीतली. आणि चेंज मॅनेजमेंटला, म्हणजे सिस्टिममधले बदल सांभाळून करण्याला, आता चेंज एनेबलमेंट म्हणतात, पण ऑफिसात सगळे अजून चेंज मॅनेजमेंटच म्हणतात, म्हणू द्या.

आता माझ्या मुद्द्यावर येते.

पुस्तकात एक सात पायऱ्यांचं मॉडेल आहे. आपल्याला काय हवंय, आत्ता कुठे आहोत, कुठे पोचायचंय, तिथे कसं जायचं, मग प्रत्यक्ष करा, मग बघा पोचलो का, आणि शेवटी हे चालू कसं ठेवायचं. वाचताना इतकं साधं वाटतं की माणूस पान उलटतो, मीही उलटलं होतं. मूळ विचारही जुना आहे, शूहार्ट या अमेरिकन गुणवत्ता-तज्ज्ञाकडून त्याच क्षेत्रातल्या डेमिंगकडे आला, डेमिंगने १९५० मध्ये जपानमध्ये जाऊन इंजिनिअर लोकांना शिकवला, प्लॅन करा, करून बघा, तपासा, सुधारा. पण यातली दुसरी पायरी, आत्ता कुठे आहोत ही, मी परीक्षेनंतर एका गोष्टीला लावून बघितली आणि तिथून माझं काम बदललं.

झालं असं की आमच्याकडे एक रात्रीचा बॅच जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, आहे. इंग्लंडच्या रात्री एक वाजता तिकडून ऑर्डरची फाईल येते, आमचा जॉब ती उचलतो आणि गोदामासाठी माल काढायची यादी तयार करतो. तिकडे पहाटे दोनला एक शिफ्ट सुरू होते, त्या लोकांना ती यादी हातात लागते, नाहीतर ते नुसते उभे. जॉब ज्या सर्व्हरवर होता त्याचं घड्याळ आपल्या भारताच्या वेळेवर होतं आणि जॉब लावला होता सकाळी सहाला. उन्हाळ्यात इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणजे फाईल आपल्याकडे साडेपाचला यायची, जॉब सहाला, सगळं व्यवस्थित. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ तासभर मागे जातं, फरक साडेपाच तासांचा होतो, फाईल साडेसहाला यायला लागते आणि जॉब आपला सहाला उठून फाईल नाही म्हणून पडतो. मग अलर्ट, तिकीट, नाइट शिफ्टचा मुलगा ऑन-कॉलवाल्याला उठवतो, आणि बऱ्याचदा हे दिवाळीच्या आसपास येतं त्यामुळे ज्याला माहितीये तो नेमका गावी गेलेला. यादी जाईपर्यंत तिकडे अडीच वाजायचे. मग इमर्जन्सी चेंज टाकून जॉब सातला लावायचा, तिकीट बंद. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं, आता सातचा जॉब तिकडच्या अडीचला चालतो, पुन्हा यादी उशिरा, पुन्हा तिकीट, पुन्हा जॉब सहाला, पुन्हा बंद.

हे वर्षानुवर्षं चाललं होतं! आणि कोणाला दिसत नव्हतं, कारण ऑक्टोबरचं तिकीट जॉब फेल म्हणून लागायचं आणि मार्चचं रिपोर्ट लेट म्हणून, कॅटेगरी वेगळी, टीम वेगळी, बंद करणारा माणूस वेगळा. एसएलए, म्हणजे क्लायंटला कबूल केलेली मुदत, चार तासांचा होता आणि आम्ही दीड-दोन तासांत सोडवत होतो, म्हणजे रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. आयटिल ४ च्या पुस्तकात याला कलिंगड म्हटलंय, बाहेरून हिरवं आतून लाल, आकडे हिरवे आणि वापरणारा माणूस वैतागलेला. मला हा शब्द वाचताना गंमत वाटली होती, पण ज्या दिवशी मी तीन वर्षांची तिकिटं एक्सेलमध्ये काढून फक्त तारखेप्रमाणे लावली आणि मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी तो पुंजका दिसला त्या दिवशी पोटात खड्डा पडला. कारण मीसुद्धा त्यातली दोन तिकिटं स्वतः बंद केली होती.

आमच्याकडे एक सीनियर डेटाबेसवाले सर आहेत, त्यांना मी तो पुंजका दाखवला तर ते म्हणाले, "अगं हे दरवर्षी होतं, तिकडचं घड्याळ बदलतं ना." त्यांना माहिती होतं. नाइट शिफ्टच्या दोघांना माहिती होतं. फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं आणि लिहायला जागाच नव्हती, कारण तिकीट बंद झालं की विषय संपला. मला विचाराल तर इम्प्रूव्हमेंट रजिस्टर ही त्या जागेसाठीच आहे, जे सगळ्यांना माहितीये पण कोणाच्याच यादीत नाही ते लिहायला.

डिसेंबर २०२१ मध्ये प्रॉब्लेम रेकॉर्ड टाकला, वर्कअराउंड म्हणजे तात्पुरता तोडगा लिहिला, कायमचा उपाय सुचवला की जॉब घड्याळावर चालवूच नका, फाईल आली की जॉब सुरू होऊ दे. बदल करायला डेव्हलपरला अर्धा दिवस लागला, टेस्टिंगला एक दिवस, आणि मंजुरी मिळायला सात आठवडे. फेब्रुवारीत लागला, मार्चचं घड्याळ बदललं आणि तिकीट आलं नाही, मग ऑक्टोबर आला तेव्हा त्या रविवारच्या रात्री मी मुद्दाम जागी राहून लॉग बघत होते, फाईल आपल्या साडेसहाला आली आणि पुढच्या मिनिटाला जॉब सुरू झाला. मी एकटीच घरी होते, कोणाला सांगणार, बाबांना फोन केला सकाळी सातला.

पण पोचलो का ही सहावी पायरी आहे ना, ती इथे कामाला आली. दोन महिन्यांनी तिकडून एकदा रिकामी फाईल आली आणि आमच्या जॉबने फाईल आली बघून आनंदाने रिकामी यादी पाठवून दिली. आधी जॉब पडायचा तेव्हा निदान अलर्ट यायचा, आता तोही आला नाही. म्हणजे आमच्या सुधारणेने नवीन भोक पाडलं होतं. मग रजिस्टरमध्ये दुसरी नोंद, फाईलमध्ये ओळी आहेत का आधी तपासा, नसतील तर थांबा आणि माणसाला सांगा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण बऱ्याच प्रेझेंटेशनमध्ये सुधारणा केली, आकडे कमी झाले, टाळ्या, असं असतं. खरं काम असं होत नाही. छोटं करा, बघा, पुन्हा दुरुस्त करा, आयटिलच्या सात मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे आणि ते अगदी खरं आहे.

बाबांचा विषय निघालाच आहे तर सांगते. ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होते, लोखंडाचं कास्टिंग. त्यांच्याकडे रिजेक्शनचं एक रजिस्टर असायचं, कडा दुमडलेलं, काळ्या बोटांचे ठसे उठलेलं, त्यात रोज जो माल बाद झाला तो लिहायचे, तारीख, शिफ्ट, साचा कुठला, वाळूची ओल किती, दोष काय. पावसाळ्यात ब्लो होल वाढायचे, म्हणजे कास्टिंगमध्ये हवेची भोकं. वाळूत ओल जास्त झाली की ओततानाच वाफ होते आणि भोकं पडतात हे तिथे सगळ्यांना माहिती, पण कुठल्या शिफ्टला आणि वाळूच्या कुठल्या ढिगामुळे हे त्या रजिस्टरवरून कळायचं. मी त्यांना माझ्या एक्सेलबद्दल सांगितलं तर म्हणाले, "मग त्यात नवीन काय हाय, रजिस्टर असतंय कशाला, तीच चूक परत आली तर वळखता यावी म्हणून की." पुण्या-कोल्हापूरच्या ऑटोवाल्या कारखान्यांत कायझेनचे, म्हणजे रोजच्या छोट्या सुधारणांचे, बोर्ड भिंतीवर लागलेले असतात, मशीनवर उभा असलेला माणूस त्यात स्वतः लिहितो, आणि आम्ही एवढ्या मोठ्या काचेच्या बिल्डिंगमध्ये बसून तीच चूक दर सहा महिन्यांनी नव्याने सोडवत होतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे ही सवय होती, आयटीत येताना ती कुठेतरी राहून गेली.

आता आमचं रजिस्टर कसं चालतं ते सांगते, कारण पुस्तकात हे सापडणार नाही. पहिल्यांदा मी नेटवरून तयार टेम्प्लेट घेतलं, त्यात अठरा रकाने होते, खर्च, जोखीम, प्राधान्याचा गुणांक वगैरे, दीड महिन्यात तीन नोंदी आल्या आणि तिन्ही माझ्याच. मग सगळं काढून सहा रकाने ठेवले: काय त्रास होतोय, कोणाला होतोय, किती वेळा होतो, कोण बघणार, कधीपर्यंत, आणि सुधारलं हे कशावरून कळेल. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चालेल म्हटलं. त्या आठवड्यात नाइट शिफ्टच्या मुलाने एकदम पाच नोंदी टाकल्या, आणि त्यातली एक तर अशी होती की शिफ्ट हँडओव्हरच्या मेलमध्ये फक्त उघडी तिकिटं असतात, कोणाला काय कबूल केलंय ते नसतं, त्यामुळे सकाळी युजरचा फोन येतो आणि सकाळच्या माणसाला माहितीच नसतं. मेलमध्ये एक ओळ वाढवली, काम झालं. असल्या गोष्टी कुठल्याही डॅशबोर्डवर दिसत नाहीत, रात्री फोन उचलणाऱ्यालाच त्या माहिती असतात.

गुरुवारी अर्धा तास बसतो. एका वेळी तीनच नोंदी हातात घेतो, जास्त नाही. आणि एक नियम आहे, नोंदीत माणसाचं नाव घ्यायचं नाही, अमुकने चुकून सर्व्हर रीस्टार्ट केला असं लिहायचं नाही, दोन सर्व्हरची नावं एका अक्षराने वेगळी आहेत आणि स्क्रीनवर सारखी दिसतात असं लिहायचं. हे मी गुगलच्या एसआरई (साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग, सिस्टिम भरवशाची ठेवायची पद्धत) मधून उचललं, कोणाला दोष न देता झालेल्या घटनेचं पोस्टमॉर्टेम करायचं असं ते सांगतात, आणि प्रामाणिकपणे सांगते, या बाबतीत ते आयटिलच्या पुस्तकापेक्षा जास्त स्पष्ट आहेत.

मध्ये एकदा हे सगळं बुडता बुडता वाचलं. वरून आदेश आला की प्रत्येकाने महिन्याला दोन सुधारणा द्यायच्या, अप्रेझलमध्ये धरणार. झालं, रजिस्टर भरून वाहायला लागलं, डॅशबोर्डचा रंग बदला, मेलची सही बदला, एकाने तर तीच नोंद शब्द फिरवून तीन वेळा टाकली, आणि मी त्या पोराला काय बोलणार, त्याला घर चालवायचंय. पाच महिने गेले त्यात. शेवटी नवीन मॅनेजर आल्या, त्यांनी ते टार्गेट काढलं आणि त्याऐवजी प्रत्येक शिफ्टला आठवड्यातले दोन तास सुधारणेसाठी रोस्टरमध्येच टाकले, त्या दोन तासांत फोन दुसऱ्याने घ्यायचे. तेव्हापासून परत खऱ्या नोंदी यायला लागल्या. आयटिलवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे, पुस्तक सांगतं की सुधारणा ही प्रत्येकाची जबाबदारी, पण वेळ कुठून काढायचा याच्यावर फार वरवर बोलतं. रोज तिकिटांचा ढीग असलेल्या एल वनच्या, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या फळीतल्या, मुलाला जबाबदारी दिली आणि तास दिले नाहीत तर तो बिचारा काय करेल?

बाकी तक्रारीही आहेत. भाषा कोरडी आणि गोलगोल आहे, व्हॅल्यू हा शब्द इतक्या वेळा येतो की अर्थच निघून जातो. उदाहरणं कमी, जी आहेत ती एका काल्पनिक गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीची, आपल्या बॅच जॉबशी आणि ब्रिज कॉलशी (मोठा बिघाड झाला की सगळ्या टीमना एकत्र घेऊन होणारा कॉल) त्यांचा संबंध तुम्हाला स्वतः लावावा लागतो. आणि ३४ प्रॅक्टिसेसचं नाव ऐकून काही कंपन्या सगळ्याच एकदम लागू करायला जातात, प्रत्येकाला एक ओनर, एक डॉक्युमेंट, एक मीटिंग. पुस्तक स्वतःच सांगतं, जिथे आहात तिथून सुरू करा, साधं ठेवा. ते वाचलेलं नसतं किंवा क्लासात पळवलेलं असतं.

मंजुरीचंही सांगते, आमच्या त्या अर्ध्या दिवसाच्या कामाला सात आठवडे लागले ते चेंज बोर्डमुळे, म्हणजे बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीमुळे. लोक म्हणतात हे आयटिलमुळे, पण चौथ्या आवृत्तीत तसं नाहीये, कमी जोखमीचे आणि नेहमीचे बदल आधीच मंजूर धरून ठेवा आणि प्रत्येक प्रकारच्या बदलाला मंजुरी देणारा योग्य माणूस ठरवा असंच म्हटलंय. आम्ही पुढच्या वर्षी जॉबच्या वेळा बदलणं हा प्रकार स्टँडर्ड चेंजमध्ये, म्हणजे आधीच मंजूर धरलेल्या बदलांत, टाकून घेतला, आता ते त्याच दिवशी होतं. तीही रजिस्टरमधलीच नोंद होती.

दुसरं काही करावं का असंही विचारतात. आयएसओ २०००० हे माणसाला नाही, कंपनीच्या सर्व्हिस मॅनेजमेंटला मिळणारं प्रमाणपत्र आहे, पहिल्यांदा २००५ मध्ये आलं, सध्याची आवृत्ती २०१८ ची, तुमची कंपनी ऑडिटला जाणार असेल तर त्याची माहिती असलेली बरी. कोबिट ही आयटीवर देखरेख ठेवायची चौकट, आयसाका या ऑडिटवाल्यांच्या संघटनेची, ती ऑडिट आणि गव्हर्नन्सच्या लोकांना जास्त लागतं, सर्व्हिस डेस्कवरच्या मुलाने तिच्या मागे लागू नये. क्लाउड आणि ऑटोमेशनकडे जायचं असेल तर डेव्हऑप्स (डेव्हलपर आणि सपोर्टने मिळून काम करायची पद्धत) आणि एसआरई जरूर वाचा, एरर बजेटची कल्पना तर मला फार आवडते, किती बिघाड चालेल हे आधीच ठरवा आणि तेवढा संपला की नवीन फीचर थांबवून आधी दुरुस्ती करा. पण सपोर्टमध्ये राहणार असाल, क्लायंट परदेशातला असेल, तर आयटिलची भाषा सगळीकडे चालते. मँचेस्टरचा माणूस नोन एरर (तपासलेला पण अजून न सुटलेला प्रॉब्लेम) म्हणाला की हिंजवडीत काय करायचं ते कळतं, आणि मध्यरात्रीच्या कॉलवर ती गोष्ट छोटी नसते.

एक खर्चाचं लक्षात ठेवा. २०२३ पासून या सर्टिफिकेटला तीन वर्षांची मुदत आहे, ते चालू ठेवायला परत परीक्षा द्या, किंवा पुढचं एखादं सर्टिफिकेट करा, किंवा मेंबरशिप घेऊन शिकल्याचे पॉइंट जमा करा. स्वतःच्या पैशाने करणाऱ्याला हे जड जातं, आधी एकदा केलं की कायमचं होतं. त्यामुळे नोकरी शोधायच्या दोन-तीन महिने आधी करा, कॉलेजात असताना उगाच करून ठेवू नका. मी २०२४ मध्ये डायरेक्ट, प्लॅन अँड इम्प्रूव्ह हे मोड्यूल केलं, तेव्हा कंपनीने पैसे भरले, ज्याला सुधारणेचं काम मनापासून करायचंय त्याच्यासाठी फाउंडेशनपेक्षा ते कितीतरी पटीने भारी आहे, मोजायचं काय आणि कशासाठी हे तिथे नीट समजलं.

फाउंडेशनला पाचपैकी साडेतीन देईन. परीक्षेला तीन, पुस्तकाच्या लिखाणाला दोन, आणि इम्प्रूव्हमेंटच्या त्या पानांना पाच. नवीन मुलांनो, सर्टिफिकेट आलं की लिंक्डइनवर टाका, छान वाटतं, आणि त्याच दिवशी तुमच्या टीमची गेल्या दोन वर्षांची तिकिटं तारखेप्रमाणे लावून बघा. कॅटेगरी बघू नका, फक्त तारीख, वार आणि वेळ.

आमच्या रजिस्टरमध्ये आज अकरा नोंदी उघड्या आहेत. सगळ्यात जुनी गोदामातल्या लेबल प्रिंटरची आहे, सोमवारी सकाळी पहिल्या तासात पाच-सहा तिकिटं येतात, मंगळवारी एकही नाही, आणि अजून कारण कळलेलं नाही. शनिवार-रविवारी प्रिंटर बंद ठेवतात का हे तिकडच्या सुपरवायझरला विचारलंय, या गुरुवारी उत्तर आलं तर बघू.